क्रूस अपुरा ठरला काय?

सन म्युंग मून यांनी १९५४ साली सोल येथे स्थापिलेल्या 'युनिफिकेशन चर्च'वर मुख्यतः सामूहिक विवाह व देणग्यांसाठीचा दबाव यांबद्दल टीका होते. देणग्यांच्याच प्रकरणी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तिच्या जपानमधील संस्थेच्या विसर्जनाचा आदेश दिला. परंतु धर्मशिक्षकाने मूळ शिकवण तपासावी. क्रुसाने आत्मिक तारण साधले. मात्र येशू अविवाहितच मरण पावल्याने निष्पाप कुटुंब स्थापावयाचे राहिले आणि ते कार्य मून दांपत्याने पुरे केले, असे हा पंथ मानतो. क्रूस एकदा अपुरा ठरला की उरलेली भरपाई भक्ताच्या माथी येते. त्या दबावाला आधार मिळतो तो येथेच. ख्रिस्ताचे एकच अर्पण पुरेसे आहे, हे आपण निःसंदिग्धपणे शिकवावे; आणि आपल्याही प्रवचनांत दानाला तारणाच्या किमतीचे रूप येऊ देऊ नये.