शनिवारचा पगार

रिचर्ड लुएलिनच्या ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ या १९३९ सालच्या कादंबरीत दर शनिवारी खाणीतून परतलेले बाप नि मुलगे दारात बसलेल्या आईच्या ओटीत सोन्याची नाणी टाकतात. व्हाउचर नाही, सही नाही! वीस वर्षं कॅश मोजणाऱ्या मला आधी हेवा वाटला.

पुढे हेवा ओसरतो. युनियनवरून मुलगे बापाच्या पंगतीतून उठतात. बापाला शेवटी खाणच ठेवून घेते. घरामागचा खाणीच्या मातीचा ढीग घर गिळायला निघतो. लेखकानं जरा वाढवलंय, म्हणावं, तर १९६६ साली वेल्समध्येच ॲबरफॅनला असा ढीग शाळेवर कोसळला. ११६ मुलं गेली.

तक्रार एकच. ह्यूच्या आठवणीत साखर जास्त. लुएलिन स्वतःला वेल्समध्ये जन्मलेला म्हणवी. १९८३ साली तो वारल्यावर कळलं, जन्म लंडनजवळच्या हेंडनचा. सही जुळत नाही म्हणून चेक परत करतो आम्ही. पुस्तक मात्र परत करवेना.

एक तारखेला मीही पगार हिच्या ओटीत टाकला. हिनं तो दोनदा मोजला.