तबकडीवरची बैठक

१९७७ साली अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या दोन 'व्हॉएजर' यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी गेली आहे आणि तीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ही हकीगत मी आजवर किती व्याख्यानांतून सांगितली असेल याची गणती नाही. सांगताना माझा आवाज चढतो, श्रोते टाळ्या देतात आणि आम्ही सारेच घटकाभर उंच होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानाच्या ओघात मी रॉक संगीताला 'विजेवर चालणारा गोंगाट' म्हणून मोकळा झालो. टाळ्या पुन्हा पडल्या. व्याख्यान संपल्यावर माझा पुतण्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, त्याच तबकडीवर चक बेरीचं रॉक अँड रोलसुद्धा आहे. त्याचं नाव तुम्ही कधीच घेत नाही."

मला ते ठाऊक होते. ठाऊक असूनही मी ते गाळीत होतो, ही यातली खरी लाजिरवाणी गोष्ट. त्यानंतर पुतण्या माझ्याकडे येई, चहा घेई, प्रकृतीची विचारपूस करी. पण संगीताचा विषय काढीनासा झाला. अखेर मीच त्याच्याकडे यादी मागितली. त्याने शंभर ध्वनिमुद्रिकांची नावे लिहून दिली. गेली दोन वर्षे मी त्या ऐकत आहे. हा लेख म्हणजे माझ्या त्या विधानाची माघार आहे. आणि ज्यांनी त्या विधानाला टाळ्या दिल्या, त्यांच्यासाठी शंभरांतल्या पाचांची शिफारस.

माझी चूक कोठे होत होती, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या घरी तबकडीला मान होता, पण तो छायाचित्राला असतो तसा. वडील म्हणत, मैफल ती मैफल. तबकडीत उरते ती तिची आठवण. ख्यालाच्या बाबतीत हे खरेच आहे. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडणाऱ्या जुन्या गवयांचे कौतुक करावे तितके थोडे. तरी त्या तबकडीमागे कोठेतरी एक मोठी मैफल उभी आहे, हे आपण गृहीत धरूनच ऐकतो. रॉकच्या तबकड्याही मी तशाच ऐकत होतो आणि त्यांच्यामागची मैफल शोधीत होतो. ती सापडेना. सापडणार कशी? यांपैकी कित्येकांच्या मागे मैफल नाहीच. तबकडी हीच मुळात कृती आहे. १९४८ साली अमेरिकेत लाँगप्ले तबकडी निघाली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. त्या अवकाशाला आपले असे रूप देण्याचे मोठे काम पुढे ज्यांनी केले, त्यांत ही मंडळी आहेत.

पहिली शिफारस म्हणून बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' घ्या. ती १९६६ च्या ऑगस्टमध्ये निघाली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला, सॅन फ्रान्सिस्कोला, या चौघांनी तिकीट लावून केलेला आपला शेवटचा जलसा केला. त्या दौऱ्यात या ध्वनिमुद्रिकेतले एकही गाणे ते गायले नाहीत. शेवटचे 'टुमॉरो नेव्हर नोज' ऐकले म्हणजे कारण कळते. जवळजवळ सारे गाणे एकाच षड्जावर उभे आहे, तंबोरा चालू आहे, ढोलाचा एकच ठेका हटत नाही आणि वरून फितीचे तुकडे उलटसुलट फिरवून काढलेले पक्ष्यांसारखे आवाज येतात. लेननचा आवाज उत्तरार्धात ऑर्गनच्या फिरत्या भोंग्यातून आणला आहे. हे रंगमंचावर त्या काळी करताच आले नसते. तंबोरा ऐकून मी प्रथम 'पाहा, आमच्याकडून घेतले' म्हणून सुखावलो. पुढच्या खेपेस ध्यानात आले, की घेतलेल्या वस्तूपेक्षा तिचे त्यांनी जे केले तेच मोठे आहे. तीन मिनिटांच्या आत संपणाऱ्या त्या गाण्यात स्थिरता आणि घालमेल एकाच वेळी नांदतात.

दुसरी, बॉब डिलनची 'हायवे सिक्स्टी वन रिव्हिजिटेड', १९६५ सालची. डिलनचा आवाज कानाला गोड नाही. नाकातून येतो, सुराच्या कडेकडेने चालतो. ज्याने आयुष्यभर आवाज लावण्याची चर्चा केली, त्याला पहिली दहा मिनिटे जड जातात. पण हा माणूस शब्द गात नाही, शब्द झाडतो. तो आवाज गोड असता तर ते शब्द बोथट झाले असते. पहिल्याच 'लाइक अ रोलिंग स्टोन' या गाण्यात ऑर्गन वाजवणारा अल कूपर खरे तर गिटारवादक. तो पाहुणा म्हणून आलेला आणि संधी साधून ऑर्गनवर बसलेला. इतर काय वाजवतात हे ऐकून मगच तो पट्टी दाबतो, म्हणून त्याचा सूर किंचित मागाहून पडतो. ती कच्ची जागा तशीच ठेवली गेली आणि तीच आज त्या गाण्याची ओळख आहे. सहा मिनिटांहून लांब असलेल्या या गाण्यात आपण दर वेळी त्या उशिरा येणाऱ्या सुराची वाट पाहू लागतो. डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा काव्य की गाणे हा वाद रंगला; तो घालणाऱ्यांनी तो ऑर्गन ऐकला असता तर शब्द आणि नाद वेगळे काढण्याची घाई केली नसती.

आता तिसरी, ही माझ्या सिद्धान्ताला सुरुंग लावते, म्हणूनच सांगतो. व्हॅन मॉरिसनची 'ॲस्ट्रल वीक्स' (१९६८). बेलफास्टचा हा गायक तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा. न्यूयॉर्कमध्ये जाझची मुरलेली मंडळी साथीला बसली, मोजक्या बैठकींत काम उरकले; तंतुवाद्यांचा भरणा तेवढा मागाहून झाला. म्हणजे येथे मैफल आहे! रिचर्ड डेव्हिसचा डबल बास गायकाच्या मागे चालत नाही, त्याच्याशी बोलतो. चांगला सारंगिया बोलतो तसा. आणि मॉरिसन एखादा लहानसा शब्द धरून तो पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या वजनाने म्हणतो. 'मॅडम जॉर्ज'च्या अखेरीस असे ऐकताना मला बोल-आलापाची आठवण झाली. उपमा म्हणून ती ठीक आहे. नाते म्हणून मी ती पुढे करणार नाही. शब्दाचा अर्थ संपल्यावरही त्यातला भाव संपत नाही, हे त्या तरुणाला त्याच्याच वाटेने कळले होते.

याच मॉरिसनने त्याआधी 'ग्लोरिया' नावाचे एक उडते गाणे रचले होते. चौथी शिफारस असलेल्या पॅटी स्मिथच्या 'हॉर्सेस'चा (१९७५) प्रारंभ त्याच गाण्याने होतो. पण बाई आधी आपली कविता म्हणतात, बोलण्याच्या पट्टीत, सावकाश. ती म्हणता म्हणता लय वाढते आणि कविता कोठे संपली व गाणे कोठे सुरू झाले हे कळायच्या आत आपण गाण्यात असतो. जुनी बंदिश घ्यावी आणि बढत आपली करावी, हे आपल्याला नवे नाही. नवी आहे ती हिंमत: एका पुरुषाने मुलीविषयी रचलेले गाणे ही बाई त्यातली मुलगी न बदलता स्वतःच्या तोंडी घेते. आवाज फाटतो, श्वास ऐकू येतो. ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या जॉन केलने हे पुसून काढले नाही, ही त्याची रसिकता.

पाचवी, पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३). ही सर्वांत लोकप्रिय, आणि माझ्या मनात तिच्याविषयी थोडी अढी आहे. ती फार पुसलेली, फार चकचकीत वाटते. शब्दही काही ठिकाणी सुविचाराच्या पाटीसारखे येतात. तथापि हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होऊन ठोक्यांतच विरणारी ही रचना अखंड ऐकावी अशीच आहे. 'मनी' हे गाणे सात मात्रांत चालते, आणि गल्ल्याच्या यंत्राचा खणखणाट व नाण्यांचा आवाज यांची जोडलेली फीत तो ठेका धरते. गिटारची पाळी आली की चाल चार मात्रांची होते आणि अंग एकदम मोकळे होते. दुसरी जागा क्लेअर टोरी या गायिकेची. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये तिने एकही शब्द न उच्चारता मृत्यूची भीती आणि शेवटची शांती गाऊन दाखवली. एका रविवारचे काम, मोबदला ३० पौंड. त्या गाण्याची सहरचनाकार म्हणून तिचे नाव लागायला २००५ साल उजाडले, तेही तिने न्यायालयात धाव घेतल्यानंतर. गाळलेल्या नावांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, तरीही सांगतो.

माझा 'तबकडी हीच कृती' हा सिद्धान्त या पाचांना पुरा पडत नाही, हे उघड आहे. मग यांत समान ते काय? मला वाटते, बैठक. या पाचही ध्वनिमुद्रिका श्रोत्याकडे बैठक मागतात. मधले एक गाणे उचलून ऐकले तर ते आवडेल, पण कळणार नाही. 'हॉर्सेस' भरधाव सुरू होते आणि वीज गेल्यासारखी विझत जाते, हे पहिले गाणे ऐकून थांबणाऱ्याला कसे समजावे? शंभरांच्या यादीविरुद्ध माझी तक्रार एवढीच, की ती माणसाला मोजायला लावते. आठवड्याला एक घ्यावी. अखंड ऐकावी. पहिल्यांदा आवडली नाही तरी मत देण्याची घाई करू नये. मी केली होती, आणि तिची किंमत म्हणून घरातला एक जाणता श्रोता काही वर्षे गमावला.

यंदा व्याख्यानात केसरबाईंची हकीगत मी पुन्हा सांगितली. भैरवीनंतर चक बेरीचे नाव घेतले, गाण्याचेही घेतले. टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या. पुतण्या मागच्या रांगेत होता. निघताना म्हणाला, "काका, उरलेल्या पंचाण्णवांतली तुम्ही कोणती कोणती टाकलीत ते सांगा. माझं भांडण आहे."

दिवाळीत येतो म्हणाला आहे.