महागडा खेळाडू आणि संघबांधणी : प्रो कबड्डीतील दोन निर्णयांची चिकित्सा

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये लिलाव झाला. प्रत्येक संघाची खर्चमर्यादा ५ कोटी रुपये होती. तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतसाठी २ कोटी ६०.५ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम मोजली. संघ २२ पैकी २ सामने जिंकून तळाशी राहिला. पुणेरी पलटणनेही इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि विजेतेपद मिळवले. त्यामुळे ‘महागडा खेळाडू संघ बुडवतो’ हा आक्षेप अपुरा ठरतो.

कबड्डीत बाद झालेला चढाईपटू सहसा सहकाऱ्यांनी गडी बाद केल्याशिवाय मैदानात परतत नाही. म्हणजे त्याचे मोल इतर सहा जणांवर अवलंबून असते. पुण्याजवळ अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे यांसारखे तरुण चढाईपटू आधीच होते. त्यांना परत आणणारी भक्कम पकड शादलूईने पुरवली. टायटन्सने मात्र पायाआधी कळस विकत घेतला.

एका हंगामावरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. तथापि येथे दोष किमतीचा नसून क्रमाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. महाविद्यालयीन संघनिवडीतही हा क्रम विसरता कामा नये.