पडद्यावरचा वर्ग आणि मागची भिंत

मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला. विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा, असे त्यात सुचविले होते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातली संगणक असलेली कुटुंबे होती ४.४ टक्के. पण माझे भांडण नुसत्या यंत्राशी नाही.

पडद्यावर जात नसते, तिथे मागचा बाकच नसतो, असे आमचे काही पुरोगामी मित्र म्हणतात. मला हे मान्य नाही. वर्गात आडनाव हजेरीपुरते उच्चारले जाते. पडद्यावर ते तासभर चेहऱ्याखाली लिहिलेले असते. टाळेबंदीत माझा एक विद्यार्थी कॅमेरा कधीच सुरू करीत नसे. मी त्याला दोनदा बोललो. मागची भिंत दिसू नये म्हणून, हे मागाहून कळले. वर्गातल्या बाकाने त्याचे घर झाकले होते. ते उघडे करायला मीच निघालो होतो!

मुद्रित व्याख्यान कामावरून परतलेल्या मुलीला रात्री ऐकता येते, हे मी नाकारीत नाही. परंतु बाबासाहेबांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते काय केवळ व्याख्याने पोचवायला? मिलिंदच्या वसतिगृहात, ग्रंथालयात पोरे एकमेकांना भेटली, भांडली, लिहिती झाली. मराठवाड्यातले दलित साहित्य त्या भेटण्यातून उभे राहिले.

तास पडद्यावर गेले, तर वसतिगृहाची खोली कशाला, असे कुणीतरी विचारणारच. आमच्या महाविद्यालयात ते विचारून झाले आहे.