ठेका कुणाचा, नाव कुणाचं

‘रॉक अँड रोल गोऱ्यांनी काळ्यांकडून चोरलं’ असं कुणी ठासून सांगू लागलं, की मला चक बेरीचं ‘मेबलीन’ आठवतं. १९५५ची ही तबकडी. बेरी सेंट लुईसचा कृष्णवर्णीय, ती काढणाऱ्या शिकागोच्या चेस कंपनीचे मालक पोलंडहून आलेले दोघे ज्यू भाऊ, आणि गाण्याचं मूळ ‘आयडा रेड’ हे फिडलवरचं नाचगाणं, बॉब विल्सच्या गोऱ्या वाद्यवृंदाने गाजवलेलं. कॉस्मोपॉलिटन नावाच्या क्लबात बेरी असली खेडवळ गाणी म्हणायचा तेव्हा कृष्णवर्णीय श्रोते आधी हसले. मग तेच त्यांवर नाचायला लागले. अमेरिकेच्या दक्षिणेत बसमध्ये कुणी कुठे बसायचं हे कायदा ठरवत होता, पण रेडिओची खुंटी फिरवायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. मेम्फिसच्या एल्विस प्रेस्लीच्या १९५४मधल्या पहिल्या तबकडीवर एका बाजूला कृष्णवर्णीय आर्थर क्रूडपचा ब्लूज होता, दुसऱ्या बाजूला गोऱ्या बिल मन्रोचं ब्लूग्रास.

सुरांची देवाणघेवाण अशी दुहेरी होती. पैशाचं तसं नव्हतं. ‘मेबलीन’चे रचनाकार म्हणून बेरीच्या जोडीला आणखी दोन नावं लागली. त्यांतलं एक ॲलन फ्रीडचं, म्हणजे गाणं रेडिओवर वाजवणाऱ्या निवेदकाचं! ही नावं निघायला १९८६ उजाडलं.

कॉपीराइट कायद्यातही मेख होती. शब्द आणि चाल यांना संरक्षण होतं, गायकीला आणि वाद्यमेळाला नव्हतं. कृष्णवर्णीय गायिका लव्हर्न बेकरच्या ‘ट्वीडली डी’ची गोऱ्या जॉर्जिया गिब्जने जवळजवळ जशीच्या तशी नक्कल केली आणि गोऱ्या बाजारात तीच जास्त खपली. बेकरने थेट अमेरिकी काँग्रेसच्या सदस्याला पत्र लिहिलं. उपयोग शून्य.

तरीही प्रत्येक प्रकरण इतकं सरळ नसतं. ‘हाऊंड डॉग’ घ्या. लिहिलं लीबर आणि स्टोलर या लॉस एंजेलिसच्या दोन ज्यू पोरांनी, १९५२मध्ये, खास बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेसाठी. ध्वनिमुद्रणाची सूत्रं जॉनी ओटिसकडे. जन्माने ग्रीक, पण आयुष्य कृष्णवर्णीयांत काढलेला माणूस. तबकडी ह्यूस्टनच्या पीकॉकची, मालक डॉन रोबी स्वतः कृष्णवर्णीय. थॉर्नटन गुरगुरत, हसत एका ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढते. प्रत्येक ओळीत टोमणा. एल्विसने हे गाणं उचललं लास वेगासच्या एका बँडकडून, शब्द बदललेलं. १९५६च्या त्याच्या आवृत्तीत ढोलाचा दणका जबर आहे, पण ती बाई आणि तिचा टोमणा दोन्ही गायब. उरतो नुसता कुत्रा. मला विचाराल तर खरं नुकसान इथे झालं, आणि त्याची नोंद कुठल्याच खतावणीत नाही.

एल्विसच्या तबकड्या लाखोंनी खपल्या. थॉर्नटन पुढे सांगायची, या गाण्याचा तिला एकच चेक मिळाला, ५०० डॉलरचा.