दांडीवरचा भार

पारडीच्या पुढे, भंडारा रोडला लागून असलेल्या एका वेल्डिंगच्या शेडसमोर ही ट्रॉली उभी आहे. दोन चाकं, एक लांब दांडी आणि वर जवळजवळ काहीच नाही. शेतमालाच्या ट्रॉलीचा पत्र्याचा डाला, त्याचे फाळके, मागच्या फाळक्यावर रंगवलेला मोर, सगळं काढून टाकलंय. उरलेत दोन लांब चॅनेल, चार आडवे आणि आडव्यांच्या टोकांना लोखंडी उभाऱ्या. ओंडका वाहायला एवढंच लागतं. बाकीचं काढायचं धाडस मिस्त्रीने केलं, आणि या वस्तूचं सौंदर्य मला आधी तिथेच दिसतं.

नागपूर लाकडाच्या धंद्यात मुरलेलं शहर आहे. लकडगंज हे नाव त्या धंद्यानेच दिलं. ‘सी.पी. टीक’ म्हणून देशभर ओळखला जाणारा साग इथल्या आरामशिनींवर चिरला जातो. 1974 साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाचं मुख्यालयही इथेच. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातून साग गेला, तेव्हा त्याचा केवढा सोहळा झाला. पण जंगलातला तो मोठा माल ट्रकने जातो. ही ट्रॉली मालकी लाकडासाठी बांधली आहे: बांधावरचा साग, वाळलेली बाभूळ, वठलेला आंबा. कुही, उमरेड, मौद्याकडच्या वावरात ट्रक शिरत नाही. तिथून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट ट्रॅक्टरच काढतो, आणि तो ट्रॅक्टर बहुधा हिंगण्याच्या एमआयडीसीतच तयार झालेला असतो.

आता अ‍ॅक्सल कुठे आहे ते बघा. नवखा माणूस तो बरोबर मधोमध बसवेल, तराजूसारखा. इथे तो भाराच्या मध्यापासून सुमारे 40 सेंटिमीटर मागे आहे. अ‍ॅक्सलपासून दांडीच्या टोकाचं भोक 4 मीटरवर. वर 3 टन माल असला, तर या मापाने 300 किलो वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येतं. हे ओझं मुद्दाम दिलेलं आहे. ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीला चिकटून राहतात ती त्याच्यामुळेच, आणि काळ्या मातीत ओढण्याची ताकद इंजिनाइतकीच त्या चिकटण्यातून येते. कारण विचारलं तेव्हा मिस्त्रीने ते एका दमात सांगितलं, ‘‘मागं वजन गेलं का दांडी उचलते ना भाऊ, मंग ट्रॅक्टरचं चाक नुसतं फिरते.’’ उलट भार फारच पुढे आला तर हुक दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग ऐकत नाही. या दोन चुकांच्या मधली जागा त्याने नेमकी पकडली आहे. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्याचा प्राण म्हणून औचित्य सांगितलं. प्रत्येक अंग आपल्या जागी असण्यातली ती शोभा मला या अ‍ॅक्सलमध्ये पुरेपूर दिसते.

डाला काढल्याने एक अडचणही उभी राहते, आणि तिच्यावरचं उत्तर सहज नजरेत येत नाही. तळाचा पत्रा माल तर पेलतोच, शिवाय चौकटीचे कोन काटकोनात धरून ठेवतो. तो गेला की बांध ओलांडताना एक चाक आधी चढतं, सगळी चौकट तिरकी सरकू पाहते आणि जोड तडकू लागतात. म्हणून खाली वाकून पाहा: दोन लांब चॅनेलच्या मध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अँगलची फुली मारलेली आहे. पत्र्याचं अर्धं काम त्या फुलीने उचललं, तेही पत्र्याच्या वजनाच्या थोड्याशा हिश्श्यात.

पाटे नेहमी अ‍ॅक्सलच्या वर असतात. इथे ते खालून बांधलेत. त्यामुळे सगळा साटा वीतभर खाली आला. एवढ्याशा फरकाचं मोल लाकूड चढवताना कळतं. क्रेन नसते. दोन बल्ल्या टेकवायच्या, दोरखंडाची टोकं ट्रॉलीला बांधून तो ओंडक्याखालून घ्यायचा, परत वर आणायचा आणि पलीकडे उभं राहून ओढायचा. ओंडका स्वतःच कप्पीसारखा गडगडत वर येतो. 600 किलोचा ओंडका, तीनास एक चढ: चढामुळे ओढ 200 किलोच्या आत येते आणि दोरखंडाच्या या युक्तीने ती 100 च्या आसपास उतरते. तीनचार माणसांच्या आवाक्यातलं काम. पण साटा उंच असता तर त्याच बल्ल्यांचा चढ उभा झाला असता. फिनलंड-स्वीडनमध्ये अशा ट्रॉलीला हायड्रॉलिक हात आणि डुलत्या जोडचाकांची बोगी असते. आपल्याकडे ती खर्चिक सोय माणसाच्या खांद्यावर येते, म्हणून खांद्याची काळजी घेणारं हे माप मला फार मोलाचं वाटतं.

आडव्या चॅनेलवर बाभळीच्या फळ्या बोल्टने बसवल्यात. सागाच्या अंगावर लोखंडाची धार उठली तर भाव पडतो, आणि बाभूळ मार खाऊन टिकते. आपल्या बंड्यांची चाकं तिचीच होत. उभाऱ्याही बंडीतूनच आल्या, फक्त त्या आता पाइपच्या आहेत आणि खोबणीतून उपसून काढता येतात. पुढे चालकाच्या पाठीमागे जाड गजांची जाळी आहे. अचानक थांबल्यावर ओंडका पुढे सरकतो, त्यासाठी ही. तिच्यात एक गजही कमी केलेला नाही.

माझी तक्रार आहे ती ब्रेकची. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांसारखा हिलाही तो नाही. उतारावर 3 टन मागून ढकलू लागले की सगळी भिस्त ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते, आणि वळणावर दांडी आडवी झाली तर ट्रॅक्टरच कलंडू शकतो. इतक्या विचाराने बांधलेल्या वस्तूत एवढी मोठी उणीव राहावी, याने मन खट्टू होतं. शिवाय असे फेरबदल मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 खाली येतात. आरटीओच्या नोंदीशिवाय केले, तर अपघाताच्या दिवशी मालकाच्या हाती काही उरत नाही. मिस्त्रीला मी हे बोललो. तो शेडच्या मागे घेऊन गेला. पुढच्या ट्रॉलीसाठी भंगारातून आणलेला ट्रकचा अ‍ॅक्सल तिथे पडला होता, दोन्ही बाजूंचे ब्रेकड्रम शाबूत. ब्रेकची नळी दांडीवरून ट्रॅक्टरपर्यंत कशी न्यायची, ते त्याने खडूने चॅनेलवरच काढून ठेवलं होतं.