लाकडी ठसा : अनुवाद की प्रतिलिपी?

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कलानियतकालिके चाळणाऱ्या अभ्यासकाची दृष्टी बहुधा स्वतंत्र पानांवर छापलेल्या पोलादी पत्र्यांवरील चित्रांवर खिळते, आणि मजकुरात विखुरलेली लाकडी ठशांची चित्रे केवळ सजावट म्हणून मागे पडतात. ही उपेक्षा अन्याय्य आहे. पोलादी पत्र्यात शाई खोबणीत बसते. म्हणून तो अक्षरांच्या खिळ्यांबरोबर छापता येत नाही. लाकडी ठशाचा उंचवटाच शाई घेतो, आणि खिळ्यांच्या उंचीचा ठसा त्यांच्यासमवेत एकाच फर्म्यात आवळता येतो. विधानाच्या शेजारीच पुरावा ठेवण्याची सोय कलासमीक्षेला प्रथम लाभली ती या सामान्य भासणाऱ्या गुणामुळे. १८३९ मध्ये ‘आर्ट युनियन’ या नावाने निघालेल्या आणि १८४९ पासून ‘आर्ट जर्नल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मासिकाने १८५१ च्या लंडन प्रदर्शनाची जी सचित्र सूची काढली, तीत भांडी, फर्निचर, विणकाम अशा वस्तू मजकुरात ठायी ठायी दिसतात, त्या लाकडी ठशांच्याच बळावर.

या कलेची मूळ प्रकृती मात्र वेगळी होती. न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने (१७५३–१८२८) बॉक्सवूडच्या आडव्या छेदावर, धातूवर चालणाऱ्या कोरणीने काम केले. तो काळ्या पृष्ठभागातून पांढरी रेषा उकलीत असे. पक्ष्याचे पीस त्याच्या हातून प्रकाशाच्या रेषेने घडे. चित्रकाराने शाईने किंवा पेन्सिलीने ठशावर काढलेली काळी रेषा जशीच्या तशी राखून भोवतालचे लाकूड काढून टाकण्याचा मार्ग रूढ झाला, तेव्हा कोरणाऱ्याचे काम विचाराचे न राहता कष्टाचे झाले. परस्परांना छेदणाऱ्या दोन काळ्या रेषा कागदावर क्षणात उमटतात. लाकडावर त्यांच्यामधील प्रत्येक पांढरा चौकोन वेगळा उपसावा लागतो. रस्किनने या श्रमांवर कठोर टीका केली, ती केवळ सौंदर्यदृष्टीने नव्हे. माणसाच्या हाताचा असा उपयोग त्याला नीतिदृष्ट्याही खटकत होता.

या वादाला निराळे वळण दिले ते छायाचित्राने. १८६० च्या सुमारास ठशाच्या पृष्ठावर छायाचित्र उमटविण्याची युक्ती साध्य झाली. पूर्वी ठसा कोरताना चित्रकाराचे रेखाटन नष्ट होई. आता मूळ चित्र शाबूत राहून कोरणाऱ्यासमोर केवळ छायाभेद उरले. अमेरिकेतील तरुण ठसेकारांनी या छायाभेदांचाच पाठपुरावा केला. कुंचल्याचा फटकारा, कॅनव्हासचा पोत, कोळशाची भुकटी, सारे काही सूक्ष्म रेषाबिंदूंनी दाखविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. स्वतः थोर ठसेकार असलेला आणि १८६६ मध्ये अमेरिकेस गेलेला विल्यम जेम्स लिंटन (१८१२–१८९७) याने १८७९ मध्ये ‘अटलांटिक मंथली’तून त्यांच्यावर प्रखर हल्ला केला, पुढील वर्षी ‘अमेरिकन आर्ट रिव्ह्यू’ या कलानियतकालिकात त्याचा अमेरिकन काष्ठकोरीवकामाचा इतिहासही क्रमशः येऊ लागला. त्याचा आक्षेप थोडक्यात असा, की रेषेने आकाराचा अर्थ सांगावा. पृष्ठभागाची नक्कल करणारी रेषा काहीच सांगत नाही, आणि आकाश, वस्त्र व गाल यांची एकच राखाडी पूड होते.

लिंटनचे हे मत सर्वस्वी टाकाऊ नाही. त्या पंथाच्या दुय्यम कारागिरांचे ठसे पाहिले असता त्याचा संताप समजू शकतो. तथापि त्याचा निकष कोरणाऱ्याच्या स्वतंत्र निर्मितीला जितका लागू पडतो, तितका दुसऱ्याच्या चित्राच्या पुनःप्रकाशनाला पडत नाही, हा भेद त्याने पुरेसा राखला नाही. इटालियन चित्रकाराच्या भित्तिचित्राविषयी लिहिणाऱ्या समीक्षकाला लिंटनची सुंदर रेषा नको असते. त्याला त्या भित्तीवरचा रंग कोठे विरळ झाला आहे हे पाहावयाचे असते. टिमथी कोल (१८५२–१९३१) १८८३ मध्ये ‘सेंच्युरी’ मासिकासाठी युरोपास गेला आणि छायाचित्रयुक्त ठसा हाती घेऊन मूळ चित्रांसमोर बसून कोरू लागला. छायाचित्राने जेथे रंगाचा तोल बिघडविला तेथे तो डोळ्यांच्या साक्षीने दुरुस्त करणे, यालाच त्याच्या पद्धतीचा प्राण म्हटले पाहिजे. ही नक्कल म्हणावी तर तीत पदोपदी निवड आहे. अनुवाद म्हणावा तर अनुवादक आपला स्वर जाणूनबुजून खाली ठेवतो.

विल्यम आयव्हिन्स यांनी १९५३ च्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की कोरीवकामाच्या रेषाजाळाने मूळ कृतींचे पृष्ठगुण दीर्घकाळ झाकून टाकले आणि छायाचित्राने ते मोकळे केले. व्यापक अर्थाने हे खरे आहे; परंतु कोलच्या ठशांत जाळे आणि छायाचित्र एकाच लाकडावर नांदतात, आणि तेथे हा सिद्धान्त लटका पडतो. १८८० नंतर हाफटोनचा प्रसार होत गेला, तो त्याच्या स्वस्ताईमुळे व वेगामुळे. आरंभीचे हाफटोन कोलच्या ठशांहून अधिक सत्यनिष्ठ होते असे मात्र म्हणता येत नाही.

अभ्यासकापुढील खरी अडचण कर्तृत्वाची आहे. ठशाच्या कोपऱ्यात ‘डॅल्झिएल’ अशी सही आढळते, पण ती कारखान्याची मुद्रा असते. तिच्या आड अनेक हात काम करीत होते. चित्रकाराचे नाव सूचीत चढते आणि पांढरे चौकोन उपसणारा बहुधा निनावी राहतो. ठशांची शैलीवार छाननी करून हे हात वेगळे ओळखण्याचे काम ग्रंथालयांतील जुन्या बांधीव खंडांवरूनच व्हावे लागेल, आणि त्यासाठी छापील पाने भिंगाखाली एकेक तपासण्यास पर्याय नाही.